बाजारशक्ती आणि संगनमत : भारतीय सिमेंट उद्योगाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

वस्तूची किंमत कशी ठरते, या प्रश्नाला पाठ्यपुस्तकातील परिचित उत्तर मागणी व पुरवठा असे आहे. पूर्ण स्पर्धेच्या बाजारात हे उत्तर पुरेसे ठरते; कारण तेथे विक्रेते असंख्य असतात आणि प्रत्येक उद्योगसंस्था बाजारातील किंमत केवळ स्वीकारत असते. प्रत्यक्ष औद्योगिक जीवनात मात्र सिमेंट, पोलाद, टायर यांसारख्या अनेक वस्तूंच्या बाजारपेठा मोजक्या उत्पादकांच्या हाती एकवटलेल्या दिसतात. अशा बाजारपेठेत किंमत ठरवण्याचे सामर्थ्य अंशतः उद्योगसंस्थेकडे येते. हे सामर्थ्य कसे निर्माण होते, ते कसे मोजले जाते आणि त्याचा गैरवापर झाला हे कशावरून ठरवावे, हे औद्योगिक अर्थशास्त्राचे मध्यवर्ती प्रश्न आहेत. प्रस्तुत लेखात भारतीय सिमेंट उद्योगाच्या आधारे या प्रश्नांचे विवेचन केले आहे.

बाजारशक्तीची संकल्पना व मापन

सीमांत खर्चापेक्षा अधिक किंमत आकारून ती टिकवून ठेवण्याची क्षमता म्हणजे बाजारशक्ती होय. अब्बा लर्नर यांनी १९३४ मध्ये तिच्या मापनासाठी एक सोपा निर्देशांक सुचवला. किंमत व सीमांत खर्च यांतील फरकाला किमतीने भागले असता हा निर्देशांक मिळतो. उदाहरणादाखल, एखाद्या गोणीची किंमत ३५० रुपये व सीमांत खर्च २८० रुपये मानल्यास निर्देशांक ०.२ येतो. पूर्ण स्पर्धेत तो शून्य असतो. अडचण अशी की, सीमांत खर्चाची विश्वसनीय माहिती उद्योगसंस्थेबाहेरील अभ्यासकाला क्वचितच उपलब्ध होते.

यावर उपाय म्हणून केंद्रीकरणाच्या मापांचा आधार घेतला जातो. हर्फिन्डाल-हर्शमन निर्देशांकात प्रत्येक उद्योगसंस्थेच्या बाजारहिश्श्याचा वर्ग करून त्यांची बेरीज केली जाते. समान हिश्श्याच्या दहा संस्था असतील तर निर्देशांक १००० येतो. चारच संस्था असून त्यांचे हिस्से ४०, ३०, २० व १० टक्के असतील तर तो ३००० होतो. एडवर्ड मेसन व जो बेन यांनी विकसित केलेल्या रचना-वर्तन-कामगिरी या विचारचौकटीत केंद्रीकरणाला प्रारंभबिंदूचे स्थान आहे. बाजाराच्या रचनेवरून उद्योगसंस्थांचे वर्तन व वर्तनावरून बाजाराची कामगिरी ठरते, असे या विचारसरणीचे प्रतिपादन आहे. हॅरॉल्ड डेम्सेट्झ यांनी १९७३ मध्ये या प्रतिपादनावर महत्त्वाचा आक्षेप घेतला. कार्यक्षम संस्था स्वाभाविकपणे वाढते व तिला नफाही अधिक मिळतो. म्हणून केंद्रीकरण व नफा एकत्र आढळले, तरी त्यावरून शोषण सिद्ध होत नाही. तात्पर्य, आकडा संशयाला जागा देतो, निर्णय देत नाही.

सिमेंटची बाजारपेठ : एक देश, अनेक बाजार

भारतात सिमेंटवरील किंमत व वितरण नियंत्रण १९८२ मध्ये अंशतः आणि मार्च १९८९ मध्ये पूर्णतः उठवण्यात आले. त्यानंतर उद्योगाचा वेगाने विस्तार झाला. राष्ट्रीय पातळीवर पाहिल्यास उत्पादकांची संख्या लक्षणीय दिसते. परंतु हे चित्र काहीसे फसवे आहे. सिमेंट ही वजनाने जड व वजनाच्या मानाने स्वस्त वस्तू असल्यामुळे वाहतूक खर्च तिच्या किमतीचा मोठा भाग व्यापतो. शिवाय कारखाने चुनखडीच्या साठ्यांजवळच उभारावे लागतात. सतना, बिलासपूर, गुलबर्गा, येरागुंटला, नलगोंडा, चंदेरिया आणि महाराष्ट्रातील चंद्रपूर ही केंद्रे याच कारणाने विकसित झाली. चंद्रपूरचे सिमेंट विदर्भाला जवळचे असले तरी मुंबईला दूरचे आहे. उलट गुजरातच्या किनाऱ्यावरील सिमेंट जहाजाने मुंबई परिसरात आणणे शक्य झाले आहे. परिणामी, कागदावर एक असलेली राष्ट्रीय बाजारपेठ प्रत्यक्षात अनेक प्रादेशिक बाजारपेठांत विभागली जाते आणि त्यांपैकी प्रत्येकीत प्रभावी विक्रेते थोडेच उरतात.

परस्परावलंबन की संगनमत ?

विक्रेते थोडे असले की प्रत्येकाला दुसऱ्याच्या प्रतिक्रियेचा विचार करणे भाग पडते. अल्पाधिकाराचे हे मूलभूत वैशिष्ट्य होय. कूर्नो यांनी १८३८ मध्ये उत्पादनाच्या प्रमाणावर आधारित, तर बर्ट्रांड यांनी १८८३ मध्ये किमतीवर आधारित स्पर्धेचे विश्लेषण केले. वस्तू एकजिनसी असेल तर एकाने किंमत कमी करताच इतरांनाही ती कमी करावी लागते, आणि एकाने वाढवल्यास इतर त्याच्या मागे जाऊ शकतात. म्हणजेच कोणताही करार नसतानाही किमती समांतर हलू शकतात. नेमक्या याच ठिकाणी कायद्यापुढे पेच उभा राहतो. समांतर किमतींनाच संगनमत मानले तर निर्दोष संस्थांना शिक्षा होईल; लेखी कराराचा आग्रह धरला तर कोणतेही कार्टेल कधीच सापडणार नाही.

जॉर्ज स्टिगलर यांच्या १९६४ मधील विवेचनाचा येथे उपयोग होतो. कार्टेलमधील प्रत्येक सभासदाला गुपचूप थोडी किंमत कमी करून अधिक विक्री साधण्याचा मोह असतो. त्यामुळे कार्टेल टिकण्यासाठी फितुरी लवकर उघडकीस येणे आवश्यक असते आणि त्यासाठी परस्परांच्या किमती, उत्पादन व पुरवठा यांची माहिती लागते. माहितीची देवाणघेवाण हा संगनमताचा प्राणवायू आहे, असे म्हणता येईल.

भारतीय स्पर्धा आयोगाचा निर्णय

स्पर्धा कायदा २००२ ने १९६९ च्या मक्तेदारी व निर्बंधित व्यापार प्रथा कायद्याची जागा घेतली. त्यातील स्पर्धाविरोधी करार व प्रभुत्वाचा गैरवापर यांविषयीची कलमे २० मे २००९ पासून अंमलात आली. पूर्वीच्या कायद्याचा रोख मोठेपणावर अधिक होता, तर नव्या कायद्याचा वर्तनावर आहे. या कायद्यातील 'करार' या संज्ञेत अलिखित समजूत व संगनमताने केलेली कृतीही अंतर्भूत आहे.

बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया या संघटनेच्या २०१० मधील तक्रारीवरून आयोगाने चौकशी केली आणि २० जून २०१२ रोजी ११ सिमेंट कंपन्या व सिमेंट मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन यांना दोषी ठरवले. एकत्रित दंड सुमारे ६,३०० कोटी रुपयांचा होता. या आदेशाची दोन वैशिष्ट्ये लक्षणीय आहेत. पहिले असे की, कोणतीही एक कंपनी प्रभुत्वाच्या स्थानी नाही, असे आयोगाने मान्य केले. तरीही संयुक्त वर्तनातून बाजारशक्ती निर्माण झाली, असा निष्कर्ष काढला. दुसरे असे की, केवळ समांतर किमतींवर आयोग थांबला नाही. उत्पादकांच्या संघटनेच्या व्यासपीठावरून होणारी किंमत व उत्पादनविषयक माहितीची देवाणघेवाण, बैठकांनंतर झालेली दरवाढ, क्षमतेचा अपुरा वापर आणि नोव्हेंबर-डिसेंबर २०१० मधील मर्यादित पुरवठा या परिस्थितीजन्य बाबी त्याने एकत्र विचारात घेतल्या. कंपन्यांचे म्हणणे याच्या विरुद्ध होते. समांतर किमती हा एकजिनसी वस्तूच्या बाजाराचा स्वाभाविक परिणाम आहे आणि माहितीचे संकलन शासनाच्या गरजेसाठी होत असे, असा त्यांचा बचाव होता.

पुढील न्यायप्रवासही बोधप्रद आहे. ज्यांनी सुनावणी ऐकली नाही, त्यांचा निर्णयात सहभाग होता, या नैसर्गिक न्यायाच्या मुद्द्यावर अपील न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१५ मध्ये तो आदेश रद्द करून प्रकरण आयोगाकडे परत पाठवले. आयोगाने ३१ ऑगस्ट २०१६ रोजी फेरसुनावणीनंतर सुमारे ६,७०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने जुलै २०१८ मध्ये तो कायम केला. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपिले दाखल करून घेऊन दंडाच्या १० टक्के रक्कम भरण्यास सांगितले. तक्रारीपासून तोवर आठ वर्षे उलटली होती. त्या काळात घर बांधणाऱ्याने गोणीमागे जे अधिक मोजले असेल, ते दंड वसूल झाला तरी त्याच्याकडे आपोआप परत येत नाही; दंडाची रक्कम शासनाच्या तिजोरीत जमा होते.

विलीनीकरणाचा प्रश्न

दंड झालेल्या ११ कंपन्यांमध्ये अल्ट्राटेक, बिनानी, सेंच्युरी व इंडिया सिमेंट्स यांचा समावेश होता. यांपैकी बिनानी २०१८ मध्ये, सेंच्युरीचा सिमेंट व्यवसाय २०१९ मध्ये आणि इंडिया सिमेंट्सचे नियंत्रण डिसेंबर २०२४ मध्ये अल्ट्राटेककडे गेले. अंबुजा व एसीसी यांचे नियंत्रण सप्टेंबर २०२२ मध्ये अदानी समूहाकडे आले व त्यानंतर या समूहानेही आणखी सिमेंट कंपन्या संपादन केल्या. हे व्यवहार कायदेशीर आहेत आणि आजारी कारखान्यांचे पुनरुज्जीवन, वाहतुकीतील बचत असे लाभही त्यांतून संभवतात. तथापि एक तार्किक विसंगती नजरेआड करता येत नाही. दोन स्वतंत्र प्रतिस्पर्ध्यांनी आपसांत किंमत ठरवली तर तो अपराध ठरतो. तेच दोघे एका मालकीखाली आले तर तोच निर्णय कंपनीचे अंतर्गत धोरण बनतो. म्हणून कार्टेलविरोधी कलम कितीही कठोर असले, तरी विलीनीकरणाची तपासणी शिथिल राहिल्यास ते निष्प्रभ ठरू शकते. ही तपासणी राष्ट्रीय हिश्श्याच्या आधारे न करता प्रादेशिक बाजारपेठेच्या आधारे होणे अगत्याचे आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून तीन निष्कर्ष संभवतात. बाजारशक्तीचा विचार करताना प्रथम बाजारपेठेची भौगोलिक सीमा निश्चित करावी लागते. ती चुकल्यास सर्व निर्देशांक दिशाभूल करतात. केंद्रीकरण हा संगनमताचा पुरावा नव्हे. ते संगनमत सुलभ करणारी परिस्थिती आहे, आणि पुरावा माहितीच्या देवाणघेवाणीत व वर्तनात शोधावा लागतो. अखेरीस, स्पर्धेचे रक्षण म्हणजे दंडाचा मोठा आकडा नव्हे. योग्य प्रक्रियेने, वेळेत दिलेला निर्णय आणि स्वतंत्र प्रतिस्पर्धी टिकून राहतील अशी बाजाररचना यांवरच ते अवलंबून आहे. औद्योगिक अर्थशास्त्राच्या अध्यापनात परदेशी उदाहरणांच्या जोडीला हे भारतीय प्रकरण घेतल्यास सिद्धान्त व व्यवहार यांतील अंतर विद्यार्थ्यांना अधिक स्पष्टपणे उमगेल.