खाचेत बसले म्हणजे जुळले असे नाही

रिसोड तालुक्यातल्या रिठदसारख्या गावाहून एखादे आजोबा जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणीला येतात. पिशवीत औषधांच्या चिठ्ठ्या असतात, पण जुना एक्स-रे नसतो. ‘‘डाक्टरसाहेब, मांगचा फोटो तुमच्या कम्प्युटरात असनच ना?’’ हा प्रश्न आता नेहमीचा झाला आहे, आणि तो रास्तही आहे. फुफ्फुसातली गाठ दोन वर्षांत जराही वाढलेली नसेल, तर ती बहुधा निरुपद्रवी असते. पण हे सांगायला दोन वर्षांपूर्वीचा फोटो हवा.

हा फोटो राहतो सर्व्हरमध्ये. सर्व्हर म्हणजे दिवसरात्र चालणारा मोठा संगणक. त्यात अनेक हार्ड डिस्क असतात आणि त्यांचा कारभार बघते ते स्टोरेज कंट्रोलर कार्ड. एकच माहिती कोणत्या डिस्कवर कशी विभागून ठेवायची, एखादी डिस्क बिघडली तर उरलेल्यांवरून ती पुन्हा कशी उभी करायची, हे काम त्याचे. सीटी स्कॅनचे एक चित्र साधारण अर्धा एमबीचे असते. पाचशे चित्रांची एक तपासणी म्हणजे अडीचशे एमबी. अशा हजारो तपासण्या या हातावेगळ्या करायच्या कार्डाच्या भरवशावर असतात. हे कार्ड मदरबोर्डवरच्या खाचेत, म्हणजे स्लॉटमध्ये, बसवतात. अडचण इथेच येते. खाचेत कार्ड बसले की काम झाले, असा समज असतो.

आम्हा डॉक्टरांना ‘जुळणे’ हा शब्द चांगला ओळखीचा आहे. ऑक्सिजनच्या छोट्या सिलिंडरच्या तोंडाशी ठरलेल्या जागी दोन भोके असतात. भूल देण्याच्या नायट्रस ऑक्साइडच्या सिलिंडरवर त्यांतल्या एका भोकाची जागा वेगळी असते. त्यामुळे एकाचे सिलिंडर दुसऱ्याच्या जागी बसतच नाही. रक्ताचे मात्र तसे नाही. कोणत्याही गटाची पिशवी त्याच नळीला लागते, म्हणून देण्याआधी क्रॉसमॅच करावीच लागते. सर्व्हरचे कार्ड सिलिंडरसारखे कमी आणि रक्ताच्या पिशवीसारखे जास्त आहे.

आजच्या बहुतेक सर्व्हरमध्ये पीसीआय एक्सप्रेस जातीच्या खाचा असतात. त्यांची लांबी एक, चार, आठ किंवा सोळा ‘लेन’ची, म्हणजे माहितीच्या पदरी रस्त्यांची. आठ लेनचे कार्ड सोळाच्या खाचेत बसते आणि चालते. पण खाच लांबीने सोळाची असली, तरी आतून तारा चारच लेनच्या जोडलेल्या असू शकतात. मग कार्ड चालते, पण हळू. तिसऱ्या पिढीच्या खाचेत एका लेनमधून सेकंदाला साधारण एक जीबी माहिती जाते. फिरत्या तबकड्यांच्या आठ डिस्क असतील तर चार लेन पुरतात. वेगवान एसएसडी असतील तर तिथे कोंडी होते.

यापेक्षा फसवे प्रकार पुढे आहेत. दोन प्रोसेसरच्या सर्व्हरमध्ये काही खाचा दुसऱ्या प्रोसेसरला जोडलेल्या असतात. तो बसवलेलाच नसेल तर त्या खाचा मुक्याच राहतात. नस तुटलेल्या हातासारख्या. काही कंपन्या ठरावीक खाच फक्त स्वतःच्या कार्डासाठी राखतात. काही सर्व्हर-कार्डे साध्या संगणकात लावली, तर दोन छोट्या संपर्कबिंदूंच्या गोंधळामुळे संगणक सुरूच होत नाही. शिवाय ही कार्डे तापतात. सर्व्हरमधल्या जोरदार वाऱ्यासाठी ती बनवलेली असतात; साध्या डब्यात, वाशीमच्या मे महिन्यात, त्यांना ताप चढणारच. आणि नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली की जुन्या कार्डाला ती ओळख देत नाही, असेही घडते.

सर्वांत मोठा धोका मात्र कार्ड बिघडल्यावर येतो. बाजारात मिळाले ते दुसऱ्या बनावटीचे कार्ड लावले, तर डिस्कवरची मांडणी त्याला वाचता येईलच असे नाही. पडद्यावर डिस्क ‘नव्याने सुरू करू का?’ असे विचारले जाते. घाईत ‘हो’ म्हटले, की रुग्णांची वर्षानुवर्षांची माहिती हातची जाते. डिस्क शाबूत असतात, फोटो नसतात. तिथे थांबावे, जुन्याच जातीचे कार्ड शोधावे, जाणकाराला विचारावे.

म्हणून रुग्णालय लहान असो की मोठे, खरेदीआधी चार प्रश्न विचारावेत. सर्व्हर बनवणाऱ्याच्या सुसंगत यादीत हे कार्ड आहे का? कोणत्या खाचेत लावायचे आणि तिथे लेन किती? आपल्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी ड्रायव्हर मिळतो का? हेच कार्ड पाच वर्षांनी मिळाले नाही तर काय? आणि एक गोष्ट ध्यानात ठेवावी: अनेक डिस्क असणे म्हणजे बॅकअप नव्हे. दुसरी प्रत वेगळ्या जागी हवीच.

वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार डॉक्टरने दाखल रुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपायची असतात, आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यायची असतात. हा तुमचा हक्क आहे, तो वापरा. घरी जाताना एक्स-रेची फिल्म किंवा सीडी आणि रिपोर्ट मागून घ्या. फिल्म घडी न घालता, उन्हापासून दूर, कोरड्या जागी ठेवा. मोबाइलवर रिपोर्टचा फोटो काढून मुलाला किंवा नातवाला पाठवून ठेवा. पुढच्या खेपेला दवाखान्यात येताना जेवणाच्या डब्याबरोबर ती फाइलही पिशवीत टाका.