ब्रन्सविक जहाजाची शेवटची फेरी

वालूरसारख्या कापूस पिकवणाऱ्या गावाला समुद्र दूरचा. पण एकोणिसाव्या शतकात मुंबईचा कापूस शिडाच्या जहाजांतून थेट चीनला जाई. सारी भिस्त वाऱ्यावर, त्यात युद्धाची भीती.

1805च्या जुलैत ईस्ट इंडिया कंपनीचे ‘ब्रन्सविक’ असाच कापूस घेऊन निघाले असता श्रीलंकेजवळ फ्रेंच अॅडमिरल लिन्वाने ते पकडले. जहाजावर तरुण व्यापारी जमशेटजी जीजीभॉय होते, आणि जहाजाचे डॉक्टर होते विल्यम जार्डिन! पुढे दोघांनी मिळून प्रचंड व्यापार केला. त्यात अफूही होती, हे विसरता कामा नये.

जहाजाच्या नशिबी मात्र परतणे नव्हते. फ्रेंचांनी ते आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे नेले. त्याच वर्षी सायमन्स उपसागरात ते किनाऱ्यावर आदळून फुटले.

मुंबईचे जे. जे. रुग्णालय याच जमशेटजींच्या देणगीतून 1845 साली उभे राहिले.