भाताचें खाचर आणि आशिया खंड

आशिया हा कृषिप्रधान खंड होय, हें वाक्य आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस पाठ असतें. परंतु कृषिप्रधान म्हणजे काय? देशाचें उत्पन्न शेतींतून किती येतें हें एक माप. किती लोक शेतीवर राबतात हें दुसरें. हीं दोन मापें जुळत नाहींत, आणि सारी मेख तेथेंच आहे.

भारतांत २०२३-२४ च्या सरकारी पाहणींत शंभर कामकऱ्यांपैकीं सुमारें ४६ जण शेतीवर आढळले. उत्पन्नांत मात्र शेतीचा वांटा शेंकडा १८ च्या आसपास. स्वातंत्र्याच्या सुमारास हे आंकडे अनुक्रमें सुमारें ७० व ५० होते. याच खंडांतील जपानांत आज शंभरांत तिघेच शेतीवर आहेत.

उत्पन्नाचा वांटा घटला तो पीक घटलें म्हणून नव्हे. पीक तर कितीतरी वाढलें. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञानें १८५७ सालीं दाखविलें कीं, कुटुंबाची मिळकत वाढते तसा तिच्यांतील अन्नखर्चाचा भाग कमी होत जातो. दोन भाकरी खाणारा मनुष्य पगार दुप्पट झाला म्हणून चार खात नाहीं. तो सायकल घेतो, घर बांधतो.

मग माणसें शेत कां सोडीत नाहींत? याचें उत्तर शोधण्यास फार लांब जावयास नको. आपल्या मावळांतील उर्से गांव पाहावें. तेथें तारांचा मोठा कारखाना आहे, मुंबई-पुणें द्रुतगति मार्गाचा टोलनाका आहे, आणि भाताचीं खाचरेंही आहेत. भाताचें काम वर्षभर सारखें नसतें. राब भाजणें, चिखलणी, मग लावणी! लावणीच्या त्या पंधरवड्यांत घरचें प्रत्येक माणूस चिखलांत उभें हवें. पुढें कापणीपर्यंत त्यांतील निम्मे हातही लागत नाहींत. तरीही ते सारे शेतकरी म्हणूनच मोजले जातात. त्यांत वांटण्यांनीं जमीन तुकड्यातुकड्यांची झाली: देशांतील सरासरी धारणा १९७०-७१ मध्यें २.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ मध्यें १.०८ वर आली. एवढ्या तुकड्यावर घर चालत नाहीं, पण तो विकवतही नाहीं. कारण कारखान्यांतील नोकरी सुटली तर परत यावयास तीच एक जागा. २०२० सालच्या टाळेबंदींत लक्षावधि मजूर गांवीं परतले आणि शेतीवरील लोकांचें प्रमाण घटण्याऐवजीं वाढलें, हें ध्यानांत घ्यावें.

म्हणून पाण्याचा प्रश्न येथें जिवावरचा होतो. पवना धरणाचें पाणी बंद नळांतून पिंपरी-चिंचवड शहरास नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजीं याच मार्गावर बऊर येथें शेतकरी जमले. पोलिसांच्या गोळीबारांत तिघांचे प्राण गेले. शहरास पाणी नको असें कोण म्हणेल? पण नदी आटली तर आपलें खाचर आटेल, ही त्यांची भीति पोकळ म्हणतां येत नाहीं.

शेतीवरचे हात कमी व्हावेत हें अर्थशास्त्राचें म्हणणें आम्हांस मान्य आहे. मात्र मुलांस कारखान्यांत टिकाऊ काम मिळण्याआधींच जमीन हातची गेली, तर त्यास प्रगति म्हणण्यास आमची जीभ धजत नाहीं. दुसरी वाटही आहे: त्याच तुकड्यांत अधिक पिकविणें. वडगांव मावळच्या भात संशोधन केंद्रानें १९८७ सालीं आंबेमोहोर व आय. आर. ८ यांच्या संकरांतून इंद्रायणी भात दिला. तो आज शहरांत चढ्या भावानें विकला जातो, आणि तो पैसा मावळांतच येतो.