चौसष्ट केबीची मर्यादा : आरंभीच्या घरगुती संगणकांची तुलना

भारत सरकारने १९८४ मध्ये ‘क्लास’ हा शालेय संगणक-साक्षरता प्रकल्प सुरू केला, तेव्हा जव्हार व मोखाडा हे तालुके ठाणे जिल्ह्यात होते. सुमारे अडीचशे शाळांपासून आरंभ झालेल्या या प्रकल्पासाठी ‘बीबीसी मायक्रो’ हा ब्रिटिश संगणक निवडण्यात आला. त्याच दशकात ‘सिंक्लेअर स्पेक्ट्रम’ची भारतीय आवृत्तीही बाजारात आली. या दोन यंत्रांची तुलना उद्बोधक आहे.

दोन्हींचे प्रोसेसर ८ बिटचे होते : बीबीसीत ६५०२, तर स्पेक्ट्रममध्ये झेड ८०. स्मृतीतील जागेचा पत्ता सांगण्यासाठी दोघांनाही १६ तारा होत्या. वसतिगृहातील पेट्यांना दोनअंकीच क्रमांक द्यायचे ठरले, तर खोली कितीही मोठी असली तरी ०० ते ९९ अशा शंभर पेट्यांपुढे क्रमांक उरत नाही. त्याचप्रमाणे, प्रत्येक तारेच्या दोन अवस्था धरल्या, तर १६ तारांवर २ चा १६ वा घात, म्हणजे ६५,५३६ पत्तेच तयार होतात. हेच ६४ केबी. स्पेक्ट्रमने त्यांपैकी १६ केबी कायम स्मृतीला आणि ४८ केबी वापरकर्त्याच्या कामाला दिली. बीबीसीच्या ‘मॉडेल बी’ने निम्मी-निम्मी वाटणी केली.

वेगाचे आकडे मात्र फसवे आहेत. ६५०२ चे घड्याळ सेकंदाला २० लाख ठोके देई, झेड ८० चे ३५ लाख. परंतु सर्वांत लहान आज्ञेस पहिल्याला दोन ठोके पुरत, दुसऱ्याला चार लागत. म्हणजे सेकंदाला अनुक्रमे १० लाख व पावणेनऊ लाख आज्ञा. उलट झेड ८० जवळ अंतर्गत रजिस्टरे अधिक असल्याने त्याची एक आज्ञा बऱ्याचदा अधिक काम उरके.

पडदाही स्मृतीतूनच जागा घेई. बीबीसीचे सर्वांत सूक्ष्म चित्र २० केबी व्यापत असे. स्पेक्ट्रमचे ६,९१२ बाइटांत भागे, पण त्यासाठी ८ × ८ ठिपक्यांच्या चौकटीत दोनच रंग स्वीकारावे लागत.

या वाटणीत आपल्या भाषेला काय मिळाले? कायम स्मृतीत इंग्रजी अक्षरे होती. स्पेक्ट्रममध्ये स्वतः आखलेल्या चिन्हांसाठी २१ जागा होत्या. मराठीची व्यंजनेच तीसहून अधिक. शिवाय शिरोरेषा, वरची मात्रा व खालचा उकार आठ ओळींत बसविणे दुष्कर होते. पुढे पर्सनल कॉम्प्युटरवर देवनागरी आणण्यासाठी पुण्याच्या सी-डॅकचे ‘जिस्ट’ कार्ड वेगळे जोडावे लागले.

बीबीसी मायक्रो घडविणाऱ्या एकॉर्न कंपनीतच सोफी विल्सन व स्टीव्ह फर्बर यांनी १९८५ मध्ये ३२ बिटचा ‘आर्म’ प्रोसेसर सिद्ध केला. आजचे बहुतेक मोबाईल त्याच्याच वंशातील प्रोसेसरवर चालतात. आपल्या पाड्यांवर पोहोचलेलेही. सोळा तारांचे गणित घातांकांच्या धड्यात सहज बसते. ते आपल्या वर्गांत शिकविले गेले पाहिजे. कारण उद्याच्या यंत्रात कोणत्या भाषेला किती जागा द्यायची, हे ते गणित जाणणारेच ठरवितात.