‘नाही’ हीसुद्धा नोंदच!

प्रयोगवहीत ‘०’ लिहिणे आणि रकाना कोरा सोडणे या गोष्टी सारख्याच का? मुळीच नाही. शून्य म्हणजे मोजले, पण काही आढळले नाही. कोऱ्या रकान्यावरून मोजले की नाही हेच कळत नाही. रुग्णाच्या नोंदपत्रकात हाच फरक जीवनमरणाचा ठरू शकतो.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली. २० हून अधिक जण दगावले. कीटकनाशके अनेक प्रकारची, पुष्कळदा एकमेकांत मिसळलेली. अशा वेळी अंगात कोणते विष भिनले हे डॉक्टरांनी ओळखायचे कसे?

सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांचे उदाहरण घ्या. मज्जातंतूंचा निरोप स्नायूंना व ग्रंथींना पोचविणारे ॲसिटिलकोलीन हे द्रव्य, काम होताच एका एंझाइममुळे नष्ट होते. हे विष त्या एंझाइमलाच निकामी करते. मग निरोप थांबतच नाहीत! लाळ गळते, घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, फुप्फुसांत स्राव साचतो. यावर ॲट्रोपीन देतात. मात्र गरज नसताना ते दिले, तर नाडी भरधाव चालते आणि रोगी भ्रमिष्टासारखा बडबडू लागतो.

आता समजा, रुग्णवाहिकेतील एका पत्रकात एवढेच आहे : ‘फवारणीनंतर उलट्या, चक्कर.’ दुसऱ्यात पुढे लिहिले आहे : ‘सकाळी १०.३० – लाळ गळत नाही, बाहुल्या बारीक नाहीत, छातीत घरघर नाही.’ या विषाची शंका त्यामुळे थोडी कमी होते. पण मिटत नाही, कारण कातडीतून शिरलेल्या विषाची लक्षणे उशिराही दिसतात. समजा, ११.३० ला लाळ गळू लागली. ती नव्याने सुरू झाली, म्हणजे विष चढत आहे, हे दुसऱ्या पत्रकावरून लगेच समजेल. पहिल्यावरून समजणार नाही.

मग ‘नाही’ची यादी लिहायची तरी किती? ज्या लक्षणाच्या असण्या-नसण्याने निदान किंवा उपचार बदलेल, तेवढीच. शिवाय, न तपासता ‘नाही’ लिहिणे हे कोऱ्या रकान्याहूनही वाईट. अंधारात बाहुल्या दिसल्या नसतील, तर ‘तपासता आल्या नाहीत’ असेच लिहावे.

गावात कोणाला अशी बाधा झाली, तर १०८ क्रमांकावर कळवा आणि औषधाचे लेबल सोबत द्या. काय झाले ते सांगाच. पण तुम्ही जवळ असताना काय झाले नाही – झटके आले नाहीत, शुद्ध हरपली नाही – तेही वेळेसह सांगा.