गुणांचे चढउतार

परीक्षेला बसणाऱ्यास 'मन शांत ठेव' असे सांगणे फार सोपे असते. पण ते शांत ठेवावे कशाच्या आधारावर, हे सहसा कोणी सांगत नाही.

भोपाळला राहणारी माझी पुतणी वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेची तयारी करीत होती. एका रविवारी रात्री तिचा दूरध्वनी आला. "काका, मागच्या सराव परीक्षेत ५४२ गुण होते, आज ५२२. मी हा नाद सोडून देते."

मी विचारले, "अंदाजाने किती प्रश्न सोडवलेस?"

"सोळा असतील."

या परीक्षेत २०२५ साली १८० मिनिटांत १८० प्रश्न होते. बरोबर उत्तरास ४ गुण मिळत, चुकीच्या उत्तरास १ गुण वजा होई. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला, तर सोळांपैकी सरासरीने चार उत्तरे जुळावीत आणि हाती ४ गुण उरावेत. परंतु सरासरी काही दर रविवारी घरी येत नाही! कधी सहा जुळतात, तेव्हा १४ गुण पदरात पडतात. कधी दोनच जुळतात, तेव्हा ६ गुण गाठीचे जातात. अंतर नेमके २० गुणांचे. अभ्यास तोच, बुद्धीही तीच. शिकवणी वर्गाच्या दारावर सोमवारी लागणारी क्रमवारी मात्र हा भेद जाणत नाही.

म्हणून मी तिला सुचविले, की अंदाजाच्या प्रश्नापुढे टिंब द्यावे आणि उत्तरे तपासताना ते प्रश्न वेगळे काढावेत. खात्रीचे किती चुकले, ते पाहावे; आणि तेही एका नव्हे, पाच-सहा परीक्षांत मिळून. अंदाज करूच नये, असे मात्र मी म्हणणार नाही. दोन पर्याय निश्चित बाद झाले, तर सरासरी लाभ दीड गुणाचा असतो. फक्त तो नियम घरीच ठरवावा. परीक्षेच्या दालनात असले निर्णय घेऊ नयेत. सरावही दुपारी दोनलाच करावा, कारण २०२५ ची परीक्षा दोन ते पाच अशी होती, आणि ती वेळ आपल्याकडे जेवणानंतर डोळा लागण्याची!

पुढच्या रविवारी तिने ५३१ गुण सांगितले, पण ओझरतेच. "काका, खात्रीचे दहा चुकले. त्यांतले चार, प्रश्नात 'चुकीचे विधान ओळखा' असे होते, ते न वाचल्यामुळे."