‘उष्णता’ म्हणून सोडून देऊ नका

थुंकीत रक्त दिसलं की आपल्या बेळगाव-खानापूरकडच्या घरांत पहिला शब्द ऐकू येतो तो ‘उष्णता’. मग सब्जाचं पाणी, खडीसाखर, अडुळशाचा काढा सुरू होतो. दुसरं वाक्य हळू आवाजात येतं, ‘बाहेर कुणाला सांगू नका, पोरीचं लग्न ठरतंय.’ मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. या दोन वाक्यांत वाया गेलेले महिने मला नंतर रुग्णाच्या एक्स-रेवर दिसतात. घरातल्या तरुणांसाठी मुद्दाम लिहितोय, कारण दवाखान्यात नेण्याचा आग्रह तुम्हीच धरू शकता.

आधी रक्त कुठून आलं ते पाहा. खोकल्याबरोबर येणारं रक्त लाल, बऱ्याचदा फेसाळ आणि बेडक्यात मिसळलेलं असतं. पोटातलं रक्त उलटीतून येतं. ते बहुधा काळपट, कॉफीच्या चोथ्यासारखं दिसतं. नाकातलं किंवा हिरड्यांतलं रक्तही थुंकीत उतरतं. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो.

क्षयामुळे फुप्फुसात पोकळी पडली, किंवा जुन्या संसर्गाने श्वासनलिका कायमच्या रुंदावल्या, की तिथल्या रक्तवाहिन्या फुगतात, नाजूक होतात आणि फुटतात. ब्राँकायटिस, न्यूमोनिया, कर्करोग, हृदयाची अरुंद झालेली झडप हीसुद्धा कारणं आहेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. रक्त किती आलं यावरून आजार किती मोठा हे ठरत नाही. चमचाभर रक्त साध्या ब्राँकायटिसचं असू शकतं आणि नुसती रेघ कर्करोगाची.

क्षयाची भीती आपल्याकडे उगाच आलेली नाही. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि १८८७ मध्ये, अवघ्या २१व्या वर्षी, क्षयानेच गेल्या. तेव्हा त्यावर औषधच नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला १९४३ साली. त्याआधी मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारख्या ठिकाणी रुग्ण राहायचे ते विश्रांती, सकस अन्न आणि मोकळ्या हवेच्या भरवशावर. आज साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांत होतो आणि सरकारी दवाखान्यात औषधं मोफत मिळतात. औषध लागू पडलं की काही आठवड्यांतच इतरांना लागण होण्याची शक्यता खूप कमी होते. मग लपवायचं कशासाठी? लपवलं तर त्याच घरातली नातवंडं धोक्यात येतात.

दोन आठवडे खोकला राहिला किंवा एकदाही रक्त दिसलं, तर बेडका तपासा आणि छातीचा एक्स-रे काढा. एक्स-रे चांगला असूनही रक्त पुन्हा आलं, किंवा माणूस चाळिशीपुढचा आणि विडी-सिगारेट ओढणारा असला, तर सीटी स्कॅनबद्दल विचारा. क्षय बरा झालेल्यांना जुन्या व्रणांतूनही रक्त येऊ शकतं. दर वेळी क्षय उलटलेलाच असतो असं नाही. म्हणून घरात उरलेल्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नका.

रक्त वाटीभर आलं, थांबेना किंवा धाप लागली, तर लगेच १०८ला फोन करा. रुग्णाला उताणं झोपवू नका. बसवून ठेवा, दुखरी बाजू माहीत असेल तर त्या कुशीवर वळवा, म्हणजे चांगलं फुप्फुस मोकळं राहतं. अशा वेळी रक्त कमी होण्यापेक्षा श्वास कोंडण्याचा धोका मोठा असतो. खायला-प्यायला काही देऊ नका.

हे टाळण्यासाठी काय करायचं? विडी-सिगारेट बंद. क्षयाच्या गोळ्या बरं वाटल्यावरही शेवटपर्यंत. घरात क्षयाचा रुग्ण असेल तर बाकीच्यांची तपासणी आणि डॉक्टर सांगतील त्यांना प्रतिबंधक गोळ्या. जुना छातीचा आजार असलेल्यांना फ्लूची लस. खोल्यांच्या खिडक्या उघड्या.

आणि एक करा, दवाखान्यात आजोबांबरोबर आत या. एकटे आले की ते मला फक्त खोकल्याचंच सांगतात.